लिव्हरची नस आडवाटेने गेलेली असली तर? कॅन्सरच्या ऑपरेशनआधी दुसरा सिटी स्कॅन का सांगतात

विश्रांतवाडी (पुणे) : चुलत्यांना स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली, म्हणून विश्रांतवाडीला आतेभावाकडे आठ दिवस मुक्काम पडला. तालुक्याला काढलेला सिटी स्कॅन जवळ होता, तरी सर्जननी दुसरा सांगितला. घरात लगेच सुरू झालं, "बिल वाढवायचे धंदे." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मग डॉक्टरांनी कागदावर नसा काढून दाखवल्या.

पोटातल्या मोठ्या धमनीतून एक फाटा निघतो. त्याची एक शाखा लिव्हरकडे जाते आणि तिथे उजवी-डावी होते. ही झाली पुस्तकातली मांडणी. मायकेल्स या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने २०० मृतदेह तपासून १९६६ साली या नसांचे १० प्रकार मांडले. पुस्तकातली मांडणी त्यात जेमतेम ५५ टक्के निघाली! शंभरात साधारण १० ते १५ जणांची उजवी नस आतड्याच्या धमनीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर चढते. म्हणजे नेमकं जिथे कापायचं तिथूनच. काहींची डावी नस जठराच्या धमनीतून येते, आणि जठराच्या कॅन्सरमध्ये ती धमनी मुळाशी बांधून कापतात.

आपल्याकडे जेसीबी लावण्याआधी शेजाऱ्याची पाइपलाइन कुठून गेलीय ते विचारतोच ना, तसलाच हा प्रकार.

नस चुकून कापली तर? लिव्हरला पाऊण रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, त्यामुळे सगळं लिव्हर लगेच जाईलच असं नाही. पण पित्तनलिका धमनीच्या रक्तावरच जगते. रक्त तुटलं की आतड्याला शिवलेला तिचा जोड गळतो, लिव्हरमध्ये पू होतो. कावीळ झालेल्या पेशंटला हे फार महागात पडतं.

आधी कळलं तर सर्जन ती नस शोधून, सोडवून बाजूला ठेवतात. कुठलीही नस बांधण्याआधी चिमट्याने दाबून लिव्हरकडची नाडी लागते का ते बोटाने बघतात. गाठीनेच नस वेढली असेल तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडावी लागतात किंवा दुसरी शीर लावावी लागते. त्याची तयारी आधीच करून ठेवता येते.

साध्या स्कॅनमध्ये हे नीट दिसत नाही. शिरेतून औषध सोडून ते धमनीत असतानाच फोटो घ्यावे लागतात. कावीळ उतरवायला नळी टाकायची असेल तर शक्यतो त्याआधी स्कॅन करावा, चित्र स्वच्छ येतं. किडनीचा त्रास किंवा शुगरच्या गोळ्या असतील तर आधी सांगा. आणि नुसता रिपोर्ट नको, सीडी मागून घ्या.

चुलत्यांची उजवी नस आतड्याच्या धमनीतूनच निघाली होती. ऑपरेशनला साडेसात तास लागले. नस शाबूत आहे.