आजीबाईंना लिहिलेली पत्रं

नायसियाच्या परिषदेला २०२५ साली १७०० वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने संपादकांनी फर्मावलं : ख्रिस्ती मंडळींतल्या त्र्यैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धान्ताच्या, वादाचा आढावा घ्या. घेतो, पण जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. अलेक्झांड्रियाला निघालो तरी मी शेवटी पंडिता रमाबाईंच्याच दारात जाऊन बसतो.

म्हणून अलेक्झांड्रिया आधी उरकून टाकू. तिथला एरियस म्हणाला, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, तो नव्हता असाही काळ होता. ३२५ साली नायसियात बिशपांनी उलट ठराव केला की पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे. ठरावाने वाद मिटले असते तर काय हवं होतं! त्या ठरावाचा कैवारी अथानासियस पुढे पाच वेळा हद्दपार झाला. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याचं स्थान पक्कं झालं. मग तो आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, यावर पूर्वेची आणि पश्चिमेची चर्चं भांडली. १५५३ साली त्र्यैक्य नाकारणाऱ्या सर्व्हेटसला जिनिव्हात जिवंत जाळलं. पुढच्या शतकांचे तपशील रुक्ष आहेत, ते सोडतो.

आमच्या नांदेडकडे हा विषय निघाला की कोणीतरी माहूरचा दत्त पुढे करतो. तीन शिरं, एक देव. झालं तुमचं त्र्यैक्य! एक विद्वान तर हे दरवर्षी व्याख्यानात सांगतात आणि टाळ्या घेतात. पण एकाच व्यक्तीची तीन मुखं म्हटलं की तो सबेलियसचा पाखंड ठरतो, आणि ब्रह्मा, विष्णू, महेश वेगळे धरले की देव तीन होतात. चर्चने या दोन्ही वाटा फार पूर्वीच बंद केल्या आहेत. शिवाय माहूरला जाताच आहात तर तिथल्या महानुभावांनाही विचारा. त्यांचे श्रीदत्तात्रेय प्रभू एकमुखी, पंचकृष्णांपैकी एक. त्रिमूर्ती दत्त त्यांना मान्यच नाही. ख्रिस्ती भांडण सोडवायला ज्याला पंच नेमलं, त्याच्याच घरात वाद!

बंगालने या वादात आपल्या आधी उडी घेतली. राममोहन रॉयांनी १८२० मध्ये येशूची नीतिवचनं वेगळी काढून छापली आणि श्रीरामपूरच्या मार्शमन या मिशनऱ्याशी त्यांची जुंपली. १८२१ मध्ये तर विल्यम अ‍ॅडम हा बॅप्टिस्ट मिशनरीच त्यांच्या बाजूने येऊन एकेश्वरवादी झाला. पुढे केशवचंद्र सेन आणि ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी सत्, चित्, आनंद यांच्या आधाराने त्र्यैक्य समजावलं. सुंदर आहे ते, पण मला त्यात वादाची धग लागत नाही.

ती धग रमाबाईंच्या १८८५ च्या पत्रांत आहे. अ. भि. शहांनी संपादित केलेला हा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. नरहर कुरुंदकर गुरुजींच्या व्याख्यानांनी नांदेडला वादाची चटक लावली होती, तेच ते दिवस. मी हे पुस्तक एस.टी.च्या प्रवासात उघडलं आणि परभणी कधी मागे पडलं ते कळलं नाही.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबरला वाँटेजच्या जोगिणींच्या मठात लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, तिने बाप्तिस्मा घेतला. धर्ममाता होत्या सिस्टर गेराल्डीन. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणतात. बाप्तिस्म्यामागे गोरेशास्त्र्यांच्या लेखनाचा वाटा मोठा. काशीत वाढलेले हे नीळकंठशास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, षड्दर्शनांचं खंडन करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि प्रार्थना समाज व ब्राह्मो मंडळींच्या निराकार एकेश्वरवादावर ते हयातभर तुटून पडले. असा कडवा त्र्यैक्यवादी वाट दाखवायला असूनही रमाबाई अडल्या, त्या नेमक्या त्र्यैक्यापाशी.

अडण्याची त्यांची रीत पाहा. हे पवित्र शास्त्रात कुठे लिहिलं आहे, ते दाखवा. ख्रिस्ताला त्या मानत होत्या. पण तो पित्याच्या बरोबरीचा देव आहे, हे चर्च म्हणतं एवढ्यावर त्यांना पटेना. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात अथानासियसच्या नावावरचा एक मतांगीकार आहे. (तो त्याने लिहिलेलाच नाही, ही गंमत वेगळी.) हे असं न मानणारा कायमचा बुडाला, असा दम तो भरतो. ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून नुकती मान सोडवलेल्या बाईला असला दम कसा रुचावा? मे महिन्यात त्यांनी आजीबाईंना साफ कळवलं की देवाची आज्ञा वेगळी आणि पाद्र्याची वेगळी. पहिली पाळीन, दुसरी तपासून घेईन. आजीबाईंना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र धीराच्या. शंका दडपू नये, ती बोलू द्यावी, हे त्यांना कळत होतं. त्यांना लिहिलेली पत्रं म्हणूनच जास्त मोकळी आहेत.

शंका घ्यायला काळही अनुकूल होता. १८८१ मध्ये सुधारित इंग्रजी नवा करार निघाला, त्यात योहानाच्या पहिल्या पत्रातलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य गाळलेलं होतं, कारण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. त्र्यैक्याचा इतका थेट आधार खुद्द विद्वानांनीच काढून घेतला होता.

हल्ली एक नवी टूम निघाली आहे. म्हणे हे भांडण सिद्धान्ताचं नव्हतंच, गोऱ्या बायकांच्या वर्चस्वाविरुद्धचं होतं. वर्चस्व होतं, कोण नाकारतो? रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं त्यांना विचारावं लागलं. पण म्हणून त्र्यैक्याचा प्रश्न निव्वळ निमित्त ठरवायचा, म्हणजे या शास्त्र्याच्या मुलीला धर्मसिद्धान्त कळत नव्हते असंच म्हणायचं. शब्दप्रमाण मागणं तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. दुसरा पंथ म्हणतो, त्या आतून ब्राह्मोच राहिल्या. तेही खोटं. ब्राह्मो माणूस बायबलातल्या ओळीसाठी एवढा जीव टाकत नाही.

आणखी एक योग. त्याच १८८५ च्या जूनमध्ये जोतीराव फुले ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण करत होते. इकडे त्यांचा जुना धर्म सोडण्याचा हक्क जोतीराव मांडत होते, तिकडे त्या नव्या धर्माच्या पुरोहितांना जाब विचारत होत्या.

१८८७ मध्ये रमाबाईंच्या कामाच्या मदतीसाठी बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्र्यैक्य न मानणारे, आणि उपाध्यक्षांत त्र्यैक्य मानणारे फिलिप्स ब्रुक्स. पुढे रमाबाईंचं मन पालटलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितलं. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याची जागृती झाली. म्हणजे परिषदेच्या ठरावाने जिथे त्या गेल्या नाहीत, तिथे अनुभवाने पोचल्या. तरी प्रमाण स्वतः तपासायची सवय सुटली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं.

युनिटेरियनांशी खरं सख्य जमलं ते विठ्ठल रामजी शिंद्यांचं. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, परतताना अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत त्यांनी निबंध वाचला. त्यांच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

आता मराठवाड्यात धर्मांतराचा विषय निघतो तो डोकी मोजण्यासाठी. किती गेले, किती परत आले. ते काय मानतात, हे कोणी विचारत नाही. सभा घेणारे नाहीत, मोर्चे काढणारे तर नाहीतच. ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत असल्या प्रश्नांवर महिनोन्‌महिने वाद चालत, हे सांगितलं तर पोरं हसतात.

मध्यंतरी लातूरकडच्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. दोघे भाऊ ख्रिस्ती, पण मंडळ्या वेगळ्या झालेल्या. थोरल्याचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, धाकट्याचा फक्त येशूच्या नावाने. एका बाजूला मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय, दुसऱ्या बाजूला प्रेषितांची कृत्यं. वादाला केवढं रान! मला हुरूप आला. थोरल्याला विचारलं, “कुठं लिहिलंय रे हे?” म्हणाला, “आमचे पास्टर सांगतात.” धाकट्याकडे वळलो. तो म्हणाला, “काका, आमचे पण पास्टरच सांगतात.” तेवढ्यात त्यांच्या आईने चहा आणला आणि मला बजावलं, पुन्हा त्यांच्यात हा विषय काढू नका.