घरची बाग व कवितेचा उगम

कवितेचा विषय शोधावयास हिमालय किंवा समुद्रच गांठला पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता. नाकाडोंगरी येथील आमच्या घरामागच्या चार हात जागेनें तो दूर केला.

ज्या वर्षीं आमच्या मातोश्री निवर्तल्या, त्या उन्हाळ्यांत आमचें कशांतच मन लागेना. त्यांनीं लावलेला मोगरा पाण्यावांचून सुकत चालला होता. भंडारा जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन कसें असतें, हें वाचकांस सांगावयास नको. भांडीं विसळलेलें पाणी आम्ही रोज सायंकाळीं त्याच्या आळ्यांत ओतूं लागलों. प्रथम तें केवळ कर्तव्य होतें. पुढें एके दिवशीं वाळल्या फांदीवर हिरवा कोंब दिसला, आणि आम्हांस उमगलें कीं, दिवसांतून घटकाभर तरी आपण दुसऱ्या जीवाची वास्तपुस्त करीत आहों. बागेचें सांत्वन तें हेंच. ती उपदेश करीत नाहीं; हातास काम देते.

रोज काम करणारा रोज पाहतो, आणि पाहण्यांतूनच कविता उपजते. गुलबाक्षी दुपार कलल्यावर उमलते. पारिजातक रात्रीं फुलतो व पहांटे सडा घालतो. रात्रीं फुलणारीं फुलें बहुधा पांढरीं वा फिकट व सुवासिक असतात. कारण अंधारांत रंग फारसा उपयोगी पडत नाहीं, आणि पतंग वासाच्या मागानें येऊन पराग वाहून नेतात. शास्त्र येथें थांबतें. कवि पुढें विचारतो : सारें जग निजलें असतां इतका सुगंध कोणासाठीं?

आपल्या भाषेंत याचे दाखले आहेत. तेराव्या शतकांत अरण येथील सांवता माळी यांस आपल्या मळ्यांतील भाजींतच विठ्ठल दिसला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखले जातात. त्यांच्या अहमदनगरच्या घरीं कांहीं काळ राहिलेले बालकवि ठोंबरे (१८९०–१९१८) यांनीं ‘फुलराणी’ या कवितेंत एका इवल्या कळीचें सूर्यकिरणाशीं लग्न लाविलें. विषय लहान, दृष्टि मात्र मोठी.

मुलांनो, एकच झाड निवडा. पंधरा दिवस तारीख व वेळ घालून जें दिसेल तेवढेंच लिहा. ‘सुंदर’ हा शब्द मात्र टाळा. पालकांस विनंति अशी कीं, मुलास एखादें फुटकें मडकें व ओंजळभर माती द्यावी, आणि रोप वाळल्यास रागावूं नये.

आमच्या मोगऱ्यास त्याच ज्येष्ठांत तीन कळ्या आल्या. त्यांवर आम्हीं आठ ओळी लिहिल्या. त्या उत्तम नाहींत. परंतु त्या लिहून झाल्यावर, कित्येक दिवसांनीं, आम्हांस स्वस्थ झोंप लागली.