जुन्या अँबॅसडरचे नवे बळ

वडिलांच्या पश्चात अंगणात उभी असलेली अँबॅसडर पुन्हा रस्त्यावर यावी, अशी इच्छा अनेक घरांत असते. अडसर असतो तो खर्चाचा.

या गाडीत दीर्घकाळ वापरलेले १४८९ सीसीचे, मूळ ब्रिटिश बनावटीचे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. त्याचे हेड ओतीव लोखंडाचे. शिशाचा सूक्ष्म थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करीत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हे कवच गेले. परिणामी सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो, कॉम्प्रेशन घटते.

त्यासाठी नवे हेड घेण्याची आवश्यकता नाही. मूळ हेडला तडा नसल्यास त्यातच कठीण धातूच्या सीट बसवाव्यात, झिजलेले गाइड बदलावेत आणि फेसिंग गरजेपुरतेच करावे. अधिक घासल्यास कॉम्प्रेशन वाढून इंजिन ‘नॉक’ करू लागते.

मात्र हेड उतरवण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. कमी भरल्यास चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला, तर दोष पिस्टन रिंगांचा वा बोअरचा. तेव्हा केवळ हेडवर केलेला खर्च वाया जातो. आकडा फारसा न बदलल्यास संशय व्हॉल्व्हवर वा गॅस्केटवर घ्यावा.

आधी निदान, मग खर्च, हा क्रम पाळल्यास वडिलांची ठेव मोजक्या पैशांत पुन्हा धावू लागते.