वर्क फ्रॉम होमसाठी मॅनेजरला इंग्रजीत मेल कसा लिहायचा?

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ थांबायचंय, पण रजा तर घ्यायची नाही. मॅनेजरला मेल लिहायला बसलं की मनात वाक्य मराठीत येतं, ‘घरी थोडं काम आहे’. त्याचं सरळ इंग्रजी होतं, ‘आय हॅव सम वर्क ॲट होम’. घोटाळा इथेच होतो. मॅनेजर समजतो की तुम्ही दिवसभर घरचं काम करणार. मग उत्तर येतं, ‘प्लीज अप्लाय फॉर लीव्ह’.

म्हणून मेलमध्ये ‘लीव्ह’ हा शब्द टाळा. ‘वर्क फ्रॉम होम लीव्ह’ असंही अनेकजण लिहितात. पण घरून काम करणं ही रजा नाही, आणि असं लिहिलं तर तो दिवस रजेत धरला जाऊ शकतो.

दुसरी अडचण नम्रपणाची. मराठीत ‘परवानगी द्यावी ही विनंती’ म्हटलं की झालं. पण ‘प्लीज गिव्ह मी परमिशन’ हे ‘प्लीज’ असूनही हुकमासारखं वाटतं. इंग्रजीत विनंती प्रश्नाच्या रूपात केली की सौम्य होते: ‘कुड आय...?’ किंवा ‘वुड इट बी ओके इफ आय...?’ ‘आय विल बी वर्किंग फ्रॉम होम टुमॉरो’ ही तर विनंतीच नाही, नुसती सूचना आहे. आणि शाळेच्या अर्जातलं ‘आय बेग टू स्टेट दॅट’ शाळेतच राहू द्या.

मेल साधारण असा लिहिता येईल:

सब्जेक्ट: वर्क फ्रॉम होम रिक्वेस्ट, वेन्सडे, १६ जुलै

‘कुड आय वर्क फ्रॉम होम ऑन वेन्सडे, १६ जुलै? माय मदर हॅज अ कॅटरॅक्ट सर्जरी ऑन ट्यूसडे, अँड आय नीड टू बी अराउंड द नेक्स्ट डे. आय विल बी ऑनलाइन फ्रॉम १० टू ७ अँड विल सेंड द मंथली रिपोर्ट बाय ४. इफ यू नीड मी इन द ऑफिस, प्लीज लेट मी नो अँड आय विल मेक अदर अरेंजमेंट्स.’

यातलं सगळ्यात वजनदार वाक्य रिपोर्टचं. कारण एका ओळीत पुरतं. त्याची कहाणी लांबली की उलट संशय येतो. मॅनेजरला काळजी असते ती काम अडण्याची. शेवटच्या वाक्यामुळे ‘नाही’ म्हणायचा मार्ग मोकळा राहतो, म्हणून ‘हो’ म्हणणंही सोपं जातं. मात्र दुसरी सोय खरोखर होणार नसेल, तर ते वाक्य लिहू नका. स्वतःच आजारी असाल, तर सरळ आजारपणाची रजा मागा.

पावसात लोकल बंद पडली तर एवढा मोठा मेल नको. मेसेज पुरतो: ‘लोकल्स आर नॉट रनिंग. कॅन आय वर्क फ्रॉम होम टुडे? आय ॲम ऑनलाइन नाऊ.’ नंतर दोन ओळींचा मेल टाकून ठेवा, म्हणजे महिनाअखेरीस हजेरी तपासताना शोधाशोध होणार नाही.