जहाज धक्क्याला लागले. घर मात्र खाडीपलीकडे!

प्रवासाची तयारी म्हणजे जाण्याची तयारी, असा आपल्याकडे एक सर्वमान्य समज आहे. निघण्याआधी महिनाभर याद्या होतात. चकल्यांचा डबा कोणत्या पिशवीत, आजीची शाल कोणत्या, चिरंजीवांचा पोहण्याचा पोशाख नवा घ्यायचा की गेल्या वर्षीचाच होईल, यावर घरात परिषदा भरतात. परतण्याबद्दल मात्र यादीत एक ओळ नसते. यायचे तर आपल्याच घरी. त्याची कसली तयारी? आणि मग पाच दिवस ज्यांच्या तोंडचे हसू मावळले नव्हते, ती मंडळी सहाव्या दिवशी एकमेकांवर खेकसत आपल्याच घराचा उंबरठा ओलांडतात.

समुद्रसफरीच्या बाबतीत तर याचा अनुभव फारच येतो. ‘क्रूझ’ हा शब्द एके काळी आपल्याला इंग्रजी सिनेमातूनच ठाऊक होता. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करणारे मोठे प्रवासी जहाज सुटू लागले, आणि ‘यंदा दिवाळीत बोटीने जाऊ या’ असे बोलणे कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतही निघू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या, भव्य टर्मिनलचे उद्घाटन झाले. थोडक्यात, समुद्रावर जाण्याची सोय उत्तम झाली आहे. समुद्रावरून घरी येण्याची गोष्ट निराळी.

आता अशी एक मंडळी डोळ्यांसमोर आणा. सत्तरी ओलांडलेल्या आजी, मुलगा, सून, दोन नातवंडे आणि चाके असलेल्या चार बॅगा. घर कोनला. कल्याणहून भिवंडीकडे निघाले आणि दुर्गाडीचा पूल ओलांडला, की लागणारे भिवंडी तालुक्यातले हे गाव. (पनवेलजवळही एक कोन आहे. फोनवरच्या नकाशात नुसते ‘कोन’ लिहाल, तर टॅक्सीवाला तुम्हांला भलत्याच कोनात नेऊन सोडील!)

शेवटचे पंचावन्न किलोमीटर

जहाजावरचा शेवटचा दिवस हा खरे तर परतीच्या प्रवासाचा पहिला दिवस असतो. पण तो तसा कोणी धरीत नाही. त्या रात्री करमणुकीचा शेवटचा कार्यक्रम असतो, मुलांना झोपायचे नसते, आणि बहुतेक जहाजांची रीत अशी, की मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या. म्हणजे मध्यरात्री आवराआवर, चार तासांची झोप, पहाटे आंघोळी आणि सातच्या आत न्याहारी. मग आपल्या रंगाच्या चिठ्ठीचा पुकारा होईपर्यंत बसून राहायचे. पुकारा झाला की रांग. रांग संपली की बॅगांचा शोध. सगळ्या बॅगा एकाच रंगाच्या आणि सगळे उतारू एकाच घाईत!

बाहेर पडेपर्यंत साडेनऊ झाले असे धरू. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जवळच. इतके जवळ, की तेवढ्यासाठी टॅक्सीवाले मान हलवतात, आणि चार बॅगा व आजी घेऊन तर चालवत नाही. एक गोष्ट मात्र उतारूंच्या सोयीची. त्या वेळी सारी गर्दी मुंबईकडे येत असते आणि आपण उलट दिशेने निघालेलो असतो. शिवाय गाडी तिथूनच सुटते. म्हणून जलद लोकलमध्ये बसायला जागा मिळते. कल्याण चोपन्न किलोमीटर. जलद गाडीला तास-सव्वा तास. पण कल्याणला उतरायचे म्हणजे पुन्हा पूल, पुन्हा जिना, पुन्हा बॅगा. पश्चिमेला बाहेर पडून दोन रिक्षा करायच्या, कारण एकीत हे बिऱ्हाड मावत नाही. सहजानंद चौक, लाल चौकी, दुर्गाडी. पूल पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. पण भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनरही पूर्वीपेक्षा लांब झाले आहेत. घराचे कुलूप निघते तेव्हा दुपारचा एक वाजत आलेला असतो.

कोणी म्हणेल, मोटार करावी. अवश्य करावी. पूर्व मुक्त मार्गाने चेंबूर सुखात येते. पुढे ठाणे, माजिवडे, माणकोली करीत रांजणोली नाक्याला वळून कोनला यायचे. त्यात बॅगा एकदाच चढतात आणि एकदाच उतरतात, हा फायदा मोठा. मात्र नाशिक रस्त्यावरच्या अवजड गाड्यांच्या मर्जीने कधी दीड तास लागतो, कधी तीन.

आता गंमत पाहा. ताशी पंधरा सागरी मैलांनी चालणारे जहाज पंचावन्न किलोमीटर अंतर दोन तासांत तोडते, आणि तेही आपण झोपलेले असताना. तेवढ्याच अंतराला जमिनीवर तीन-साडेतीन तास जातात आणि पाच ठिकाणी सामान चढवावे-उतरवावे लागते. थकवा अंतराचा नसतो. तो या चढउताराचा असतो. जुन्या बंदरकर्त्यांना हे कळत होते. विलायतेहून येणाऱ्या बोटींच्या काळात बॅलार्ड पिअरला धक्क्यालगतच रेल्वेचे स्टेशन होते. साहेबलोक बोटीतून उतरत आणि समोर उभ्या असलेल्या पंजाब लिमिटेडमध्ये बसत. ती गाडी कल्याणवरूनच थेट पेशावरपर्यंत जाई! ते स्टेशन गेले, साहेबही गेले. कोनच्या आजींना मात्र टॅक्सी शोधावी लागते.

जमीन का डोलते?

घरी आल्यावर आजी म्हणतात, “अरे, मला अजून हलल्यासारखं वाटतंय.” नातवंडे हसतात. हसू नये. हा भास अगदी खरा असतो, आणि त्याला कारण आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक नाजूक इंद्रिय असते. जहाजावर पहिल्या दिवशी ते गोंधळते, म्हणून मळमळते. दोन-तीन दिवसांत मेंदू जहाजाचे डोलणे गृहीत धरायला शिकतो आणि पाऊल त्या बेताने पडू लागते. त्यालाच दर्यावर्दी लोक ‘पाय समुद्राला लागणे’ म्हणतात. पण शिकलेले विसरायलाही वेळ लागतो. जमीन स्थिर असते, मेंदू मात्र लाटेचा हिशेब करीतच असतो. मग न्हाणीघरात डोळे मिटून तोंडाला पाणी लावले, की भिंत सरकल्यासारखी होते. बहुतेकांचा हा भास एक-दोन दिवसांत जातो. फार दिवस टिकला तर डॉक्टरांना दाखवावे.

तरुणांना यात गंमत वाटते. वृद्धांना धोका असतो. चार तासांची झोप, उन्हातला प्रवास, पाणी कमी प्यालेले आणि त्यात डोलणारी जमीन. अशा वेळी ओल्या फरशीवर पाय घसरला, तर सहलीची आठवण सहा महिने बिछान्यात काढावी लागते. म्हणून पहिले दोन दिवस वडील माणसांनी न्हाणीघरात भिंतीचा आधार घ्यावा आणि रात्री दिवा लावल्याशिवाय उठू नये. ज्यांना डोलल्यासारखे वाटते त्यांनी त्या दिवशी स्कूटर काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या रात्री खोलीबाहेर ठेवायच्या बॅगेत कधीही घालू नयेत. बॅग दुसऱ्या दिवशी दहाला हाती येते. गोळीची वेळ आठाची असते.

कल्याणच्या माहेरवाशिणीचा परतीचा प्रवास

शरीराच्या शक्तीचा विचार आला, की कोनच्या समोरच्या तीरावरची एक हकिगत आठवल्यावाचून राहत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाला वैद्यकीची पदवी मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयाने त्यांना ग्रासले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्क सोडले आणि नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या. पाच आठवड्यांहून अधिक काळ दर्या तुडवीत आलेली ती एकवीस वर्षांची मुलगी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला निवर्तली. दुखणे प्रवासाने दिलेले नव्हते. पण दुखण्याच्या अंगाला तसला प्रवास किती जड गेला असेल, याची कल्पना आज वातानुकूल खोलीतून येणाऱ्या आपल्याला करता येणे कठीण. जाताना माणूस उत्साहावर जातो; येताना जे बळ उरले असेल त्यावरच यायचे असते, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

जुन्या आगबोटीचे दिवस

पुष्कळ वाचकांच्या घरी कोकणच्या आगबोटीच्या गोष्टी अजून निघत असतील. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’ किंवा ‘कोकण शक्ती’ने निघायचे, डेकवर सतरंजी पसरायची, आणि बंदर आले की बोट दूर खोल पाण्यात उभी राहायची. मग पडावात उतरायचे. खाली लाट, वर बोट, मध्ये कोणाचे तरी गाठोडे आणि कोणाचे तरी मूल! किनाऱ्याला कमरेइतक्या पाण्यातून खलाशाच्या खांद्यावर बसून जायचे. पुढे बैलगाडी, आणि घाटी चढून पायवाट. त्या परतीच्या मानाने आजची परत म्हणजे मौजच म्हणायची.

मग ती माणसे आपल्याइतकी वैतागून घरी का जात नसत? एक कारण असे, की त्या वाटेच्या टोकाला कोणीतरी वाट पाहत असे. बंदरावर गाडी घेऊन चुलता आलेला असे. घरी चुलीवर पाणी तापत असे, आणि पायांवर पाणी घेऊन आत गेले की गरम पेज पुढ्यात येई. आजच्या कुटुंबातली सगळी माणसे एकाच वेळी सहलीला जातात. त्यामुळे दार उघडायला घरात कोणीच उरत नाही.

पहिला चहा कोणी करायचा?

खरी अडचण इथे आहे. कुलूप निघाले की घरातला बंद वास, फ्रिजमध्ये नासलेले दूध, वाळलेली तुळस आणि चार बॅगांतले ओले, खारट कपडे. मुले पंख्याखाली पसरतात. गृहस्थ “जरा चहा टाकतेस का?” म्हणतात. पाच दिवस जिने ताटवाटी उचलली नाही, ती गृहिणी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते. बाकीच्यांची सुटी सोमवारपर्यंत असते. तिची उंबरठ्यावरच संपते. परतीच्या दिवशी घराघरांत जी भांडणे होतात, त्यांचे मूळ पुष्कळदा या एका कप चहात असते.

उपाय अवघड नाहीत. निघतानाच शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेवावी आणि त्या दिवशी सकाळी अर्धा लिटर दूध घेऊन ठेवायला सांगावे. त्यांनी खिडक्या उघडल्या, तर अर्धा शीण तिथेच जातो. तांदूळ आणि मुगाची डाळ एका डब्यात मोजून ठेवावी, म्हणजे खिचडी कोणालाही लावता येते, गृहस्थांनाही. वर मेतकूट, पापड. कपडे दुसऱ्या दिवशी. पाहुण्यांना फोटो दाखवणे तिसऱ्या दिवशी. रजा घेताना परतल्यानंतरचा एक दिवस तीत धरावा. तो दिवस वाया गेला असे न समजता सहलीचाच भाग समजावा. आणि पहिला चहा त्या दिवशी गृहस्थांनी करावा. साखर कमी-जास्त झाली तरी चालेल.

दाराशी आलेले पाणी

कोनकरांच्या नशिबी हा सारा खटाटोप यावा, यात दैवाची थोडी थट्टाही आहे. कारण हे गाव मुळात पाण्याकाठचे. समोरचे कल्याण दोन हजार वर्षांपूर्वी जगाला ठाऊक असलेले बंदर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी याच खाडीत मराठी आरमाराच्या गलबतांची बांधणी सुरू झाली. त्या काळी कोनच्या तीरावरून जहाजे जाताना-येताना दिसत. आज त्याच तीरावरचा माणूस जहाजातून उतरून लोकल धरतो!

२०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा पाण्याचा रस्ता राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यातही दुर्गाडीअलीकडे कोनगाव स्टेशनाचे नाव आहे. ही कामे पुरी होतील तेव्हा आजींच्या बॅगा दोनदा कमी चढतील-उतरतील. तोवर यंदाच्या दिवाळीत जे कोणी बोटीने जाणार असतील, त्यांनी चकल्यांच्या डब्याबरोबर यादीत आणखी एक ओळ लिहावी : ‘किल्ली काकूंकडे.’ आणि जे जाणार नसतील, त्यांनी शेजारच्या घरातली मंडळी कोणत्या तारखेला परतणार आहेत, ते विचारून ठेवावे. त्या दुपारी जिन्यात बॅगांची चाके वाजली, की आपले दार उघडून नुसते “आलात? या, चहा तयार आहे,” एवढे म्हणावे. बंदरावर गाडी घेऊन येणाऱ्या त्या चुलत्याची जागा आता शेजाऱ्यांनीच घ्यायची आहे.