धुळीच्या पडद्याआडचे तारकागुच्छ

उन्हाळ्याच्या अखेरीस रात्री दक्षिण आकाशात वृश्चिक व धनू या राशी ठळकपणे दिसतात. वृश्चिकेच्या नांगीपासून जवळच, धनू राशीच्या हद्दीत, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. ते सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तथापि, कितीही मोठी दुर्बीण रोखली तरी साध्या प्रकाशात ते दिसत नाही. वाटेतील धूलिकणांमुळे एक लक्ष कोटी प्रकाशकणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो.

मावळता सूर्य तांबडा दिसतो. कारण हवेतून व धुळीतून येताना निळा प्रकाश विखुरला जातो, तांबडा त्यामानाने सुखरूप येतो. तांबड्याहून अधिक तरंगलांबीचे अवरक्त किरण याहूनही सहज पार होतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधलेल्या या किरणांपैकी सुमारे दोन मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांत दहा-पंधरा कणांमागे एक कण केंद्राकडून येऊन पोहोचतो. एरिक बेकलिन व गेरी न्यूगेबाउअर यांनी केंद्राचे असे अवरक्त निरीक्षण १९६८ साली प्रसिद्ध केले.

पुढे अधिक सूक्ष्म उपकरणांनी केंद्रापासून सुमारे शंभर प्रकाशवर्षांवर ‘आर्चेस’ व ‘क्विंटुप्लेट’, म्हणजे पंचक, हे तारकागुच्छ उलगडून दाखविले. त्यांचे वय अवघे काही दशलक्ष वर्षे आहे. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. केंद्राजवळील वायू तप्त व खळबळलेला, चुंबकीय क्षेत्र प्रबळ आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ विलक्षण. अशा ठिकाणी तारे जन्मणे कठीण, असा तर्क होता. प्रत्यक्षात तेथे हजारो तारे एकत्र जन्मले आहेत. मात्र हीच ओढ या गुच्छांना फार काळ टिकू देणार नाही.

दाट गर्दीतून गुच्छाचे खरे तारे कसे निवडावयाचे? त्यासाठी काही वर्षांच्या अंतराने त्याच भागाची छायाचित्रे घेतात. जे तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकलेले आढळतात ते गुच्छाचे सभासद. बाकीचे वाटेतले वा मागचे. अगदी केंद्रातील ताऱ्यांच्या अशाच दीर्घकालीन मोजणीतून तेथे सुमारे ४० लक्ष सूर्यांइतक्या वस्तुमानाचे, बहुधा कृष्णविवरच असलेले पिंड आहे, हे दिसून आले. राइनहार्ड गेन्झेल व अँड्रिया गेझ यांना त्याबद्दल २०२० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

डोळ्यांना जेथे केवळ काळोख दिसतो, तेथे तारे जन्मतात कसे व विखुरतात कसे, हे आज अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजता येते.