विटांची चूल आणि जयणेचा धडा

शहरातील व्यापारी कुटुंबांच्या स्वयंपाकघरातून उघडी ज्वाला हळूहळू दिसेनाशी होत आहे. गॅस बटणाने पेटतो. इंडक्शनवर तर ज्वालाच नसते. अनेक मुलांनी विस्तव पाहिलेला असतो तो केवळ आरतीच्या ताटात. अशी मुले सुटीत गावाकडे वा फार्महाऊसवर जातात, विटा मांडून खिचडी शिजविण्याचा बेत ठरतो आणि ज्येष्ठांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. मूल भाजले तर? आणि हौसेखातर अग्नी प्रज्वलित करणे श्रावकाला शोभते का?

दुसऱ्या शंकेचा विचार प्रथम करावा. जैन दर्शनानुसार अग्नी हा तेजस्काय जीव आहे. अग्नी पेटविणारा आणि विझविणारा यांपैकी अधिक कर्मबंध कोणाला, असा कालोदायीचा प्रश्न भगवतीसूत्रात येतो. भगवान महावीरांचे उत्तर ‘पेटविणाऱ्याला’ असे आहे. यातून गृहस्थाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे: चूल भोजनापुरतीच पेटवावी, लहान ठेवावी आणि काम होताच आटोपावी. शेकोटीचा खेळ करू नये. सुरक्षिततेचा नियमही हेच सांगतो, कारण लहान विस्तव ताब्यात राहतो. दोन्ही शंकांचे उत्तर एकच, ते म्हणजे जयणा.

जयणेचा आरंभ काळ आणि जागा निवडण्यापासून होतो. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक असल्याने हा बेत हिवाळ्यातच योग्य. मात्र तेव्हा गवत वाळलेले असते. म्हणून चुलीभोवती दहा फुटांपर्यंत मोकळी माती असावी. मुंग्यांची वारुळे नाहीत हे पाहून मऊ केरसुणीने जागा झाडावी. राखीव वनात अग्नी पेटविणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

चूल साधी असावी. कोरड्या, पक्क्या विटांचे दोन थर तीन बाजूंनी रचून एक तोंड मोकळे ठेवावे व वर लोखंडी जाळी ठेवावी. नदीतले गोटे वापरू नयेत. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात आणि कपच्या उडतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीची शेगडीही टाळावी, कारण तापलेल्या जस्ताचा धूर अपायकारक असतो. पेटविण्यापूर्वी पाणी भरलेले पातेले जाळीवर ठेवून हलके ढकलून पाहावे. ते डगमगले तर विटा पुन्हा रचाव्यात.

सरपण बोटभर जाडीचे, वाळलेले आणि पोकळ नसलेले घ्यावे. प्रत्येक काटकी झटकून, वाळवी वा किडा नाही ना, हे पाहण्याचे काम मुलांकडे द्यावे. तांदूळ-डाळ निवडणे आणि पाणी गाळणे हीदेखील त्यांचीच कामे. काडी ओढणे, सरपण सारणे आणि पातेले उतरविणे मात्र मोठ्यांनीच करावे. रॉकेल वा पेट्रोल कधीही ओतू नये. चुलीपासून तीन फुटांवर राखेची रेघ ओढावी. ती मुलांनी ओलांडायची नाही. कपडे सुती व अंगासरशी असावेत, ओढणी काढून ठेवावी आणि केस बांधावेत. जवळ पाण्याची भरलेली बादली असावी. तंबूत वा बंद खोलीत चूल किंवा निखारे नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो जीवघेणा ठरतो.

पदार्थ मुगाच्या खिचडीचा असावा. एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी. तुपात जिरे-हिंगाची फोडणी करून हळद, मीठ व सहा वाट्या गाळलेले पाणी घालावे. अर्ध्या-पाऊण तासात मऊ खिचडी होते. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून साडेतीनला तयारीस लागावे, म्हणजे पाचला पाने वाढता येतात आणि चौविहार सुखाने पाळला जातो. विस्तवाजवळचे सारे काम उजेडात होते, हा सुरक्षिततेचा लाभ वेगळाच.

तरीही भाजलेच, तर ती जागा वीस मिनिटे साध्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावी. बर्फ, तूप वा टूथपेस्ट लावू नये. फोड मोठा असल्यास किंवा चेहरा, हात भाजल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. कपड्यांनी पेट घेतला तर धावायचे नाही. जागीच थांबून, आडवे होऊन लोळायचे, हा सराव मुलांकडून आधीच करून घ्यावा.

शेवटचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. निखारे नुसत्या मातीने झाकले तर आतील धग तासन्‌तास टिकते आणि अनवाणी पाय त्यावर पडतो. भटका प्राणीही पोळतो. म्हणून सरपण मोजकेच आणावे, ते जळू द्यावे व उरलेल्या निखाऱ्यांवर थोडे थोडे पाणी शिंपडून राख ढवळावी. हाताची मागील बाजू जवळ नेऊन धग उरली नाही याची मोठ्यांनी खात्री करावी. विटा निवेपर्यंत एकाने तेथेच बसावे.

विझलेल्या चुलीपाशी मुलांसह ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावे. एका पातेल्यासाठी किती काटक्या लागल्या, किती जीवांना जपावे लागले, हे ज्या मुलाने मोजले, ते उद्या ताटात अन्न टाकताना थबकेल आणि गॅसचे बटण उगाच फिरविणार नाही.